दुसरा रकाना

वही शंभर पानी होती, वर तपकिरी कागदाचं कव्हर. गद्रे बाईंनी ती काउंटरच्या काचेवर ठेवली आणि म्हणाल्या, "सिराजभाऊ, कमरच्या कपाटात सापडली. टाकायच्या आधी तुम्हाला दाखवावी म्हटलं." सिराज तांबोळी तेव्हा तात्यारावांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या कात्रीने कापत होता. दहा हव्या होत्या, पाकीट पंधराचं होतं. त्याने डाव्या हाताने वही उघडली, उजव्या हातात कात्री तशीच. आत कमरचं अक्षर. मार्चमध्ये कमर गेली, आता ऑगस्ट संपत आला होता. या पाच महिन्यांत बायकोचं अक्षर त्याने घरात बऱ्याच ठिकाणी पाहिलं होतं, डाळीच्या डब्यांवर, गॅसच्या पुस्तकावर, कॅलेंडरमध्ये दूधवाल्याच्या खाड्यांपाशी, आणि आता आपल्याला त्याची सवय झाली असं त्याला वाटत होतं. पानावर तारखांपुढे दोन रकाने होते. ओवी, बाई. ओवीखाली १४२, ९८, २०५, १३०. बाईखाली ३१०, ३४२, ३२८, ३८६. तीस वर्षं मेडिकलच्या दुकानात काढलेल्या माणसाला आकडे आधी दिसतात आणि नावं नंतर. त्याच्या मनात पहिलं हेच आलं, की हा दुसरा पेशंट कोण, आणि हा डॉक्टरकडे जातो की नाही? मग त्याने रकान्याचं नाव पुन्हा वाचलं. शाळेत कमरला सगळे तांबोळी बाई म्हणायचे. मुलं नुसतंच बाई म्हणायची.

"तांबोळी," तात्याराव म्हणाले, "गोळ्या देताय की पेपर तपासताय?"

त्याने खाली बघितलं. कात्री एका गोळीच्या मधून गेली होती.

"अर्ध्या गोळीने अर्धं ब्लडप्रेशर उतरतं का, एवढंच सांगा," तात्याराव म्हणाले, "म्हणजे उरलेलं घेऊन मी घरी जातो." सिराजने दुसरं पाकीट काढलं, नीट दहा कापून दिल्या. तात्याराव गेल्यावर दुकानात पंखा आणि गद्रे बाई एवढंच उरलं. सुहासिनी गद्रे कमरच्या शाळेतल्या. स्टाफरूममध्ये दोघींच्या खुर्च्या वीस वर्षं शेजारी शेजारी होत्या. ईदला त्या न चुकता घरी यायच्या आणि डबा भरून शीरखुर्मा घेऊन जायच्या.

"हे काय आहे?" सिराजने विचारलं.

"ओवी बोट पुढे करायची नाही हो सुरुवातीला. रडायची, बाकाखाली जाऊन बसायची. मग कमर म्हणाली, आधी माझं, मग तुझं. रोज मधल्या सुट्टीच्या आधी दोघी तपासायच्या. ओवीची घरची वही वेगळी. ही त्यांची दोघींची, शाळेतली."

"आणि हे आकडे?"

गद्रे बाईंनी पर्सचा पट्टा खांद्यावर सरळ केला. "मला आकड्यांतलं काय कळतंय, सिराजभाऊ."

"चौथीला गणित कोण शिकवतं?"

त्यांनी खाली बघितलं. मग म्हणाल्या, "मी म्हटलं होतं तिला. दिवाळीत. म्हटलं, घरी सांग. म्हणाली, वार्षिक परीक्षा होऊ दे, मग सांगते. म्हटलं, मी सांगू का? तर म्हणाली, त्यांना सांगितलंस तर तुझं-माझं संपलं. वीस वर्षांची मैत्री, सिराजभाऊ."

"ती टिकली," सिराज म्हणाला.

तरी गद्रे बाई गेल्या नाहीत. त्या वहीसाठी आल्याच नव्हत्या, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. त्या ओवीसाठी आल्या होत्या. ओवी आता चौथीत, त्यांच्याच वर्गात. लहानपणापासूनचा मधुमेह, दिवसातून चार वेळा इन्शुलिन. गेल्या आठवड्यात पीटीच्या तासाला ती मैदानावर पडली. साखर खाली गेली होती. तोंडात साखर घातल्यावर उठून बसली, पण तिच्या आताच्या शाळेतल्या वहीत त्या दिवसाचा आकडा एकशे अठरा. त्याच्या आदल्या दिवशी एकशे दहा, त्याच्याही आदल्या दिवशी एकशे वीस. जूनपासून सगळे असेच. "रोज एकशे दहा-वीस कुणाचेच येत नाहीत," सिराज म्हणाला. "ती मनाने लिहितेय. तुमच्यासमोर तपासते ना?" गद्रे बाई म्हणाल्या, "मला रक्त बघवत नाही हो. ती कोपऱ्यात जाऊन तपासते आणि लिहिते, मी खाली सही करते. मी विचारलं तिला, खूप विचारलं. म्हणाली, बाईंच्या मिस्टरांनाच सांगीन. बाकी कुणाला नाही." आईला सांगितलं का, असं त्याने विचारलं. अजून नाही. आई हिंजवडीला कंपनीत. ती आली तर विचारणार कधीपासून, मग का, मग ही वही निघणार. आणि पाच तारखेला, शिक्षकदिनाला, शाळेत कमरचा फोटो लागणार होता. जिन्याखालची खोली रंगवून झाली होती. आजारी मुलांना पडायला एक कॉट, औषधांचं कपाट, आणि दारावर कमरचं नाव. "तुम्ही उद्या या," गद्रे बाई म्हणाल्या. "मुलीला समजावा. तेवढ्यावर मिटेल. तिच्या नावाला धक्का नको."

वारज्याच्या बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. वही पिशवीत होती, पिशवी मांडीवर. बस म्हात्रे पुलावर अडकली होती आणि तो विचार करत होता मोसंब्याचा. दोन वर्षांपूर्वीचा जून. ओवी तेव्हा दुसरीत नवीन आली होती, कमरच्या वर्गात. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, शिक्षकांनी इंजेक्शन द्यायचं नाही, आईने रोज दुपारी यावं नाहीतर मुलीला घरी ठेवावं, ही शाळा आहे, दवाखाना नाही. कमर घरी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. "मूल एकच आहे ना? की त्याचा आजार शाळेच्या फाटकाबाहेर काढून ठेवायचा, चपलेसारखा?" तिने आईकडून लिहून घेतलं, ओवीच्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं, आणि मग संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सिराजने तिला शिकवलं. इन्शुलिनचं पेन कसं धरायचं, किती युनिट फिरवायचं, टोचल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. तिने तीन दिवस मोसंब्याला टोचलं. मग बोटातलं रक्त कसं घ्यायचं ते त्याने दाखवलं, टोकाला नाही, कडेला, कडेला कमी दुखतं. ती त्याच्या बोटावर शिकली. त्याची एकशे बारा आली. तो म्हणाला, आता तुझी बघू. तिने हात पदराखाली घेतला. "नको बाई, मला सुईची भीती वाटते." आणि तो हसला होता. पन्नास वर्षांची बाई सुईला घाबरते म्हणून त्याला मजा वाटली होती, मिसबाला फोन करून त्याने ते सांगितलंही होतं. मिसबा त्यांची मुलगी, हैदराबादला असते. तीही हसली होती. आणि ही बाई रोज सकाळी साडेदहाला, तीस मुलांसमोर, बोट पुढे करून म्हणत होती, आधी माझं. म्हणजे भीती सुईची नव्हती. त्याने बघण्याची होती. बस पुढे सरकली. शेजारच्या माणसाने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" सिराज म्हणाला, "का?" तो म्हणाला, "नाही, तुम्ही नाही नाही करताय मघापासून." सिराजने मान स्थिर केली.

शाळेत अशी एकटी ओवीच नव्हती, आणि आपल्याला यातलं कळतं म्हणून कमर घरी येऊन विचारते, ही गोष्ट त्याला नेहमी बरी वाटायची. शौनक नावाच्या एका मुलाला फिट यायची. कमरने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता, त्यातलं प्रत्येक वाक्य तिने सिराजला वाचून दाखवलं होतं. शौनक: फिट आली तर कुशीवर करायचं. तोंडात चमचा घालायचा नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर अॅम्ब्युलन्स. एक मुलगी होती, तिला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही, तिला खिडकीकडच्या रांगेत, उजवा कान वर्गाकडे. एकाला शेंगदाणे चालायचे नाहीत, त्याच्या शेजारी डबा कुणी उघडायचा ते ठरलेलं. आणि सगळ्यात खाली, सगळ्यांसाठी: काही होत असेल तर लगेच सांगायचं, घंटेची वाट बघायची नाही. हे वाचून दाखवताना ती पलंगावर पाय पसरून बसली होती आणि पाय दाबत होती. तिच्या तळपायांची आग व्हायची. तो म्हणाला होता, उभं राहून शिकवतेस म्हणून होतं. त्याने तिला मऊ चपला आणून दिल्या होत्या. रात्री ती तीनदा उठायची. तो म्हणायचा, झोपताना पाणी कमी पी. काउंटरवर एखाद्या बाईने येऊन हेच सांगितलं असतं, पायांची आग, रात्रीचं उठणं, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तर त्याने विचारलं असतं, ताई, शुगर तपासली का? अनोळखी बायकांना त्याने हे किती वेळा विचारलं असेल. घरच्या बाईला चपला आणून दिल्या.

आणि ते साखर तपासायचं मशीन. हे आठवलं तेव्हा तो वारज्याच्या स्टॉपवर उतरून चालत होता, आणि तो उसाच्या रसाच्या गाडीजवळ थांबला. गेल्या सप्टेंबरमध्ये कमर म्हणाली होती, ओवीच्या स्ट्रिप लवकर संपतात. ओवीच्या आईच्या सांगण्यावरून तोच त्या शाळेसाठी द्यायचा, पन्नासची डबी, दोन महिने जायला हवी, ती महिन्यातच संपायची. वाया जातात का, त्याने विचारलं. ती म्हणाली, हो, कधी कधी नीट रक्त लागत नाही. आणि मग, भाजी निवडता निवडता, त्याच्याकडे न बघता, "ते मशीन कधी कधी तीनशेच्या वर दाखवतं. खरं असेल का हो ते?" तो पेपर वाचत होता. तो म्हणाला, हात धुतले नसतील. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी दाखवतं. किंवा मशीन बिघडलं असेल. "असं होऊ शकतं?" तिने विचारलं. तो म्हणाला, अगं, रोज बघतो मी. तिने सुस्कारा सोडला होता का? त्याला आता वाटत होतं, सोडला होता. पण आता त्याला काहीही वाटू शकत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून नवीन मशीन नेऊन दिलं आणि जुनं कंपनीच्या माणसाला परत केलं, खराब आहे म्हणून. मशीनला मेमरीचं एक बटण असतं. मागचे सगळे आकडे त्यात राहतात, तारखेसकट. गिऱ्हाईकाने मशीन परत आणलं की तो आधी ते बटण दाबून बघायचा, हा त्याचा नियम होता. त्या दिवशी दाबलं नाही. घरची गोष्ट होती. महिनाभराने त्याने विचारलं, आता बरोबर दाखवतं का? ती म्हणाली, हो, आता बरोबर दाखवतं. आणि त्या महिन्यातले आकडे आता त्याच्या पिशवीत होते, ३५१, ३६०, ३४४, तिच्या गोल अक्षरात.

घरी येऊन त्याने दिवा लावला नाही, अजून उजेड होता. खुर्चीत बसून त्याने वही पहिल्यापासून वाचली. शेवटची नोंद शुक्रवारची होती. ओवी १२६. बाई ४१२. रविवारी सकाळी इस्त्री करता करता कमर खाली बसली आणि म्हणाली, जरा दम लागतोय. छातीत दुखत नव्हतं. दुखतंय का, असं त्याने चारदा विचारलं. ती नाही म्हणाली, आणि दुखत नाही म्हणजे हार्टचं नाही, असं समजून त्याने अर्धा तास घालवला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "पेशंटला शुगर किती वर्षांपासून आहे?" तो म्हणाला, "शुगर नाही तिला." डॉक्टर म्हणाले, "नक्की?" आणि तो म्हणाला होता, "अहो, मी मेडिकललाच आहे." डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. ते बघणं तो विसरला नव्हता. पण त्याला आधार होता. झटक्याच्या वेळी कुणाचीही शुगर वाढते, हे पुस्तकात आहे, त्याने स्वतः वाचलं होतं. पाच महिने त्याने ते धरून ठेवलं. भेटायला आलेल्यांना सांगितलं, मिसबाला सांगितलं, तिला काही नव्हतं हो, एकदम झालं. सगळे माना हलवायचे. गद्रे बाईही. तिसऱ्या दिवशी त्या इथे, याच दिवाणावर बसून मान हलवत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि त्यांना माहीत होतं. एका आठ वर्षांच्या पोरीला माहीत होतं. अजून कुणाला? मधल्या सुट्टीत डबे उघडून बसणाऱ्या सगळ्या वर्गाला? जो तिच्या शेजारी झोपत होता त्याला तेवढं माहीत नव्हतं.

का, हे त्याला शोधायला लागलं नाही. ते समोरच होतं, भिंतीतल्या कपाटात. त्या कपाटाला अजून कडी होती, त्याने बसवलेली. अम्मीला, त्याच्या आईला, शेवटची सहा वर्षं शुगर होती आणि तो साखर त्या कपाटात ठेवून किल्ली खिशात घेऊन दुकानात जायचा. चहात किती, भात किती, आंब्याची फोड एक, सगळं त्याने लिहून लावलं होतं. अम्मी त्याला जेलर म्हणायची. आधी हसत म्हणायची, नंतर हसायची नाही. तिने एका ईदला चमचाभर शीरखुर्मा मागितला आणि त्याने दिला नाही. दोन महिन्यांनी ती गेली. खूप दिवसांनी कमर म्हणाली, "मी दिला होता त्यांना, तुम्ही नमाजला गेल्यावर. एक वाटी. मला वाटलं, तुम्हाला सांगायला हवं." तेव्हाही त्याला राग आला होता, शीरखुर्म्याचा नाही, दोघींनी मिळून त्याला बाहेर ठेवलं याचा. कमर तेव्हा एवढंच म्हणाली होती, "तुम्ही घरीसुद्धा काउंटरमागेच असता." त्याला वाटलं होतं, बोलली आणि विसरली. ती विसरली नव्हती. तिने ठरवलं होतं, या माणसाचा पेशंट व्हायचं नाही. हे त्याला समजत होतं. समजल्याने राग कमी होईल असं त्याला वाटलं, तो झाला नाही. ती चिडली असती, भांडली असती, किल्ली हिसकावून घेतली असती, तर त्याने ऐकलं असतं. नसतं ऐकलं, तरी ती जिवंत राहून भांडली असती. तिने त्याला भांडायलाच घेतलं नाही. अठ्ठावीस वर्षं संसार करून तिने त्याला गिऱ्हाइकासारखं बाहेर उभं केलं. मिसबाला फोन करावा म्हणून त्याने मोबाइल हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. तिलाही माहीत असेल तर, या विचाराने.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या आधी तो शाळेत गेला. जिन्याखालच्या खोलीला रंगाचा वास येत होता, आत एक कॉट, एक बाक, कपाट. दारावर खिळा ठोकून तयार होता, पाटी अजून यायची होती. गद्रे बाई ओवीला घेऊन आल्या. किडकिडीत, दोन वेण्या, हातात चेन असलेली निळी पिशवी. ती त्याच्याकडे न बघता बाकाच्या टोकाला बसली. पंखा चालू होता तरी तिच्या कपाळावर, केसांच्या कडेला, घाम होता. त्याने तो बघितला. तिने बाकाची कड धरली होती, आणि का धरली होती तेही त्याला दिसलं, हात थरथरत होते.

"मशीन बघू," तो म्हणाला.

तिने पिशवीतून काढून दिलं. त्याने मेमरीचं बटण दाबलं. शेवटचा आकडा जूनच्या अठ्ठावीस तारखेचा होता.

"जूननंतर शाळेत तपासलंच नाहीस."

"नाही."

"मग वहीतले आकडे?"

"मनातले."

"अगं ओवी!" गद्रे बाई म्हणाल्या. "मी सह्या करत होते ना त्याच्यावर!"

"तुम्ही बघायचाच नाहीत," ओवी म्हणाली. उद्धटपणे नाही, जे होतं ते. मग सिराजला म्हणाली, "काका, तुम्ही माझ्यावर चिडलाय?"

"ते नंतर सांगतो. आधी तू सांग. का?"

"चांगले आकडे लिहिले की आई झोपते. वाईट लिहिले की रात्रभर उठून मला हलवून बघते. ऑफिसमध्ये पण रडते, मावशी म्हणाली." ती भराभर बोलायला लागली. "बाई पण तसंच करायच्या. मला तीनशे म्हणजे काय माहीत आहे ना. मी बाईंना म्हटलं, माझं पेन घ्या, शेअर करू. त्या हसल्या. म्हणाल्या, मोठ्या माणसांचं वेगळं असतं, मोठ्यांना चालतं. मग म्हणाल्या, आमच्या घरी कळू द्यायचं नाही हं, तुला काका भेटले तरी. आपल्या माणसांना त्रास द्यायचा नाही. प्रॉमिस घेतलं. मी तोडलं नाही प्रॉमिस. तुम्ही एकदा रिक्षातून आला होतात मशीन द्यायला, तेव्हा मी गेटपाशी होते, मला सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं." ती थांबली. घाम आता ओठांवरही होता. "मी सांगितलं असतं तर बाई वाचल्या असत्या?"

"नाही गं बाळा," गद्रे बाई घाईने म्हणाल्या, "असं काही नसतं. माणसाची वेळ आली की—"

"वाचली असती, कदाचित," सिराज म्हणाला.

"सिराजभाऊ!"

"नक्की नाही, पण कदाचित. औषधं सुरू झाली असती." तो ओवीशी बोलत होता. बसमधून उतरताना त्याने काहीच ठरवलं नव्हतं, आणि आता जे तोंडातून येत होतं ते त्याने कालपासून कुणालातरी सांगायला जपून ठेवल्यासारखं येत होतं. "पण सांगायचं काम तुझं नव्हतं. पहिलं काम तिचं. ती मोठी होती, ती शिकवत होती. मग या गद्रे बाईंचं. मग बघायचं काम माझं. तू कुठेच नाहीस यात. आणि मोठ्यांना चालतं, हे ती तुझ्याशी खोटं बोलली. मोठ्यांना चालत नाही. ती खोटं बोलली आणि तुझ्यासारख्या पोरीकडून तिने प्रॉमिस घेतलं, हे तिने वाईट केलं. खूप वाईट केलं."

ओवीचं तोंड उघडं राहिलं. बाईंबद्दल असं कुणी बोलेल हे तिला माहीत नव्हतं. ती रडायला लागली, पण रडण्यातही तिचे हात नको इतके थरथरत होते. "बोट दे," तो म्हणाला. तिने दिलं नाही. तो खाली वाकला नाही, समजावलं नाही, स्वतःचं बोट आधी पुढे केलं नाही. तिचा हात धरला आणि करंगळीच्या कडेला टोचलं. अठ्ठावन्न. कपाटात ग्लुकोजचा डबा होता, त्याने पाण्यात तीन चमचे ढवळून ग्लास तिच्या तोंडाला लावला आणि संपेपर्यंत धरून ठेवला. मग घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं थांबायचं, मग परत तपासायचं.

गद्रे बाईंनी त्याला खुणेने दाराबाहेर बोलावलं. "झालं ना आता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी बघत जाईन, शपथ. रोज, माझ्या डोळ्यांसमोर. रक्त असो की काही असो. तिच्या आईला मात्र नको. ती वरपर्यंत जाईल. पुन्हा कुठली बाई असल्या मुलाला हात लावेल का? मुख्याध्यापिकांना तेच हवंय. आणि कमरचं नाव, सिराजभाऊ, जरा विचार करा. तुमची बायको होती ती."

"होती," तो म्हणाला. त्याने दारावरच्या खिळ्याकडे बघितलं. या बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याला कमरचा फोटो तिथे हवा होता. गेला महिनाभर तो पाच तारखेला कुठला शर्ट घालायचा याचा विचार करत होता. तिने जे केलं होतं ते खरंच होतं. ओवी दोन वर्षं शाळेत बसली ती तिच्यामुळे. आणि ही पोर आत थरथरत बसली होती, तीही तिच्यामुळे. "ओवीच्या आईचा नंबर द्या," तो म्हणाला.

"मी नाही देणार."

"मग मी ऑफिसमध्ये जाऊन मागतो."

त्यांनी दिला. तो आत येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. ओवीने विचारलं, "आईला सांगणार?"

"हो."

"सगळं? बाईंचं पण?"

"बाईंचं पण."

"मग आई बाईंवर चिडेल."

"चिडू दे. मीपण चिडलोय."

"पण त्या तर नाहीत आता."

"तरी," सिराज म्हणाला. हे तो पाच महिन्यांत कुणाशी बोलला नव्हता. तो खाकरला आणि नंबर लावला. पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण?" मागे बऱ्याच लोकांचं बोलणं. तो म्हणाला, "मी सिराज तांबोळी. तांबोळी बाईंचा नवरा. ओवी ठीक आहे, माझ्या शेजारी बसली आहे. तुम्ही जरा बाहेर जाऊन उभ्या राहता का? वेळ लागेल." त्याने वाट बघितली, दार लोटल्याचा आवाज आला, मागचं बोलणं थांबलं. मग त्याने सांगितलं. जूनपासून शाळेत तपासलेलं नाही हे आधी, मैदानावर पडली ते, आजचे अठ्ठावन्न. मग वही, दुसरा रकाना, प्रॉमिस. त्याने काही मऊ केलं नाही आणि काही वाढवलं नाही, गोळी कधी घ्यायची ते सांगतात तसं सांगितलं. मधे एकदा तिने "काय?" एवढंच विचारलं. गद्रे बाई दारात उभ्या होत्या, पाठ करून. ओवी गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती.

"तुम्हाला हे कधी कळलं?" आईने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"काल."

"काल? म्हणजे तुम्हाला, घरात..."

"नाही. मला सगळ्यांत शेवटी कळलं."

पलीकडून तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मी निघते. आत्ता किती आहे तिची?"

पंधरा मिनिटं होऊन गेली होती. त्याने वळून बघितलं. ओवीने बोट स्वतःच टोचलं होतं, मशीन मांडीवर धरलं होतं, त्याच्यापासून तिरकं. "एकशे चार," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला.

"एकशे चार आहे," ती पुन्हा म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," सिराज म्हणाला, आणि हात तसाच ठेवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मशीन जोरात त्याच्या हातावर आपटलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवून आकडा बघितला, तारीख बघितली, आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"एकशे चार," तो म्हणाला. "मी बघितलंय."